विरारचा विचार, साडूचा लाडू: शब्दकोश असं का सुचवतात?

पार्ल्याच्या एका मराठी शाळेत सहावी-सातवीला शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न आहे. मुलं वर्गात ऑनलाइन शब्दकोशात शब्द शोधतात. ‘नणंद’ टाकल्यावर ‘तुम्हाला आनंद म्हणायचं आहे का?’ असं आलं. ‘साडू’ला ‘लाडू’ आला, आणि एका मुलानं उगाच ‘विरार’ टाकलं तर ‘विचार’ आला. वर्ग हसून हसून बेजार झाला. पण एका मुलीनं विचारलं, शब्दकोशात नणंद नाही म्हणजे तो शब्द चुकीचा आहे का? या सुचवण्या येतात कुठून, आणि मुलांना हे वापरू द्यावं का, असं बाईंनी विचारलंय.

बाई, त्या मुलीला आधी सांगा की ‘नणंद’ बरोबर आहे, आणि तिला जी शंका आली तीही बरोबर आहे. त्या शब्दकोशाच्या यादीत तो शब्द नाही. सुचवणीला शब्दकोशाचं उत्तर समजू नये. उत्तर सापडलं नाही की यंत्र आपल्या यादीतला अक्षरांनी सगळ्यांत जवळचा शब्द पुढे करतं. म्हणून विचित्र सुचवणी आली की तुमच्या शब्दात काय चुकलं यापेक्षा यादीत काय नाही हे जास्त कळतं. मी आधी गिरगावातल्या छापखान्यांसाठी प्रूफं वाचायचे, नंतर शुद्धलेखन तपासणीच्या शब्दयाद्यांवर काम करत आले. अशा सुचवण्या मी आजही टिपून ठेवते, कारण यादीतली भोकं शोधायला त्यांचा फार उपयोग होतो.

‘जवळचा’ म्हणजे काय, हे आधी बघू. एका शब्दाचा दुसरा शब्द करायला किती फेरफार लागतात ते यंत्र मोजतं. एक चिन्ह घालायचं, एक काढायचं किंवा एकाच्या जागी दुसरं ठेवायचं, या प्रत्येकाचा एक गुण धरतात. हे मोजमाप व्लादिमिर लेवेनश्टाइन या सोव्हिएत गणितज्ञानं १९६५ साली मांडलं. त्याच्या डोक्यात शुद्धलेखन नव्हतं, संदेश पाठवताना गळणारी आणि बदलणारी चिन्हं होती. त्याच्या आदल्या वर्षी, १९६४ मध्ये, अमेरिकेत फ्रेडरिक डॅमराउ यांनी खास टायपिंगच्या चुकांवर काम करून दाखवलं होतं, की ऐंशी टक्क्यांहून जास्त चुकांत एकच फेरफार असतो: एक अक्षर जास्त, एक कमी, एक बदललेलं किंवा शेजारच्या दोघांची अदलाबदल. आजचे बहुतेक तपासनीस, म्हणजे शुद्धलेखन तपासणारी यंत्रं, याच पायावर उभे आहेत. एका फेरफारावरचे शब्द आधी बघायचे, मिळाले नाहीत तर दोनवर जायचं.

आता देवनागरीत हे कसं चालतं ते बघा. संगणकाच्या दृष्टीनं ‘वि’ हे एक अक्षर नाही. ‘व’ एक चिन्ह, वेलांटी दुसरं. काना, मात्रा, उकार, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, सगळी सुटी चिन्हं आणि सगळ्यांचं वजन सारखं. मग विरार आणि विचार यांत फरक उरतो एकाच चिन्हाचा, ‘र’च्या जागी ‘च’. लोकलच्या पाट्या घेऊन बसलात तर हा खेळ कितीही लांबवता येतो. अंधेरीची एक मात्रा काना झाली की अंधारी. माहीमच्या कान्यावर मात्रा चढली की मोहीम. दादरची चादर होते, परळचं सरळ होतं, कुर्ल्याच्या ‘ल’चा ‘त’ झाला की कुर्ता. ठाणे गाणेही होतं आणि दाणेही. वाशीची काशी. कर्जतमधला शेवटचा ‘त’ गळला की कर्ज उरतं, धारावीचा पहिला काना गळला की धरावी, आणि उरणला तर यंत्र बेलाशक मरण सुचवू शकतं. हे सगळे एकेका फेरफाराचे शब्द आहेत. बोटांवर मोजून बघता येतील.

कानाला जवळ वाटणारं आणि यंत्राला जवळ वाटणारं यांत तफावत आहे, ती मुलांना दाखवण्यासारखी आहे. ‘दादर’मधला पहिला ‘द’ उडवला की आपल्याला ‘आदर’ ऐकू येतो. यंत्राला मात्र स्वर म्हणून लिहिलेला ‘आ’ आणि व्यंजनाला लावलेला काना ही दोन वेगळी चिन्हं वाटतात. म्हणून ‘आदर’ त्याच्या हिशेबात दोन फेरफार दूर आहे आणि ‘चादर’ एकच. ‘प्रल्हाद’ आणि ‘प्रह्लाद’ आपण एकाच श्वासात म्हणतो. यंत्राच्या लेखी ‘ल’ आणि ‘ह’ यांच्यामध्ये पाय मोडल्याची खूण उभी असल्यामुळे ती शेजारच्यांची अदलाबदलसुद्धा ठरत नाही, दोन स्वतंत्र बदल ठरतात.

आता नणंदेकडे येऊ, कारण त्यातून तुमच्या शब्दकोशाबद्दल बरंच कळतं. ‘नणंद’ म्हणजे न, ण, अनुस्वार, द. ‘आनंद’ म्हणजे आ, न, अनुस्वार, द. पहिली दोन चिन्हं बदलली, म्हणजे अंतर दोन. पण मधला ‘ण’ काढला तर ‘नंद’ होतो, आणि तो एकाच फेरफारावर आहे. तरी यंत्रानं ‘नंद’ न देता ‘आनंद’ दिला. याचा अर्थ बहुधा यादीत ‘नणंद’ही नाही आणि ‘नंद’ही नाही. दोनच्या अंतरावर ‘मंद’, ‘बंद’, ‘छंद’ हेही होते. त्यांतून ‘आनंद’ निवडला तो बहुधा मूळ शब्दाइतकाच लांब आणि वापरात भरपूर आहे म्हणून.

साडूची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या एका फेरफारावर गर्दी आहे: साडी, साधू, लाडू, झाडू. चौघांचंही अंतर सारखं. अशा वेळी यंत्र बघतं, की ज्या मजकुरावरून यादी केली त्यात कोणता शब्द किती वेळा आला. बातम्यांवर पोसलेल्या यादीत ‘दादर’ला ‘चादर’च्या आधी ‘सादर’ येईल, कारण अर्थसंकल्पापासून अहवालापर्यंत रोज काही ना काही सादर होत असतं. पाककृतींवर पोसलेल्या यादीत लाडू वर येणार. तुमच्या वर्गात लाडू पहिला आला असेल तर यादी बऱ्यापैकी घरगुती मजकुरावरून केलेली दिसते. आणि तरी तिच्यात साडू नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

नात्यांचे शब्द यंत्राच्या यादीत फार पातळ असतात. या याद्या मुख्यतः वर्तमानपत्रं, सरकारी मजकूर आणि इंटरनेटवरचे लेख यांच्यावरून तयार होतात. त्यात मुख्यमंत्री हजारो वेळा येतात, विहीण क्वचित येते. मग काकूला चाकू, भाऊला खाऊ आणि वहिनीला वाहिनी असले शेजार मिळतात. यंत्र कुणाची थट्टा करत नाही. त्याला आपल्या घरातले शब्द कुणी दिलेले नाहीत.

असं जगभर होतं. युरोपीय संघाच्या भाषांतरकारांना एकेकाळी अधिकृत कागदपत्रांत मधूनच ‘क्युपर्टिनो’ हे कॅलिफोर्नियातल्या एका गावाचं नाव सापडायला लागलं. ते ‘कोऑपरेशन’, म्हणजे सहकार्य, या शब्दाच्या जागी बसलेलं होतं. यादी करणाऱ्यानं कोऑपरेशन फक्त मधल्या आडव्या रेघेसकट नोंदवला होता. बिनरेघेचा शब्द आला की यंत्र गडबडायचं आणि जवळचं म्हणून गावाचं नाव द्यायचं. या प्रकाराला आता ‘क्युपर्टिनो परिणाम’ असंच म्हणतात. शब्द यादीत होता, पण एकाच लेखनात होता. मराठीत ही अडचण कितीतरी मोठी आहे, कारण आपलं लेखनच मधल्या काळात बदललं.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली मुंबईत छापला गेला, सुधारलेली आवृत्ती १८५७ ची. तो आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतो, आणि मराठीच्या अभ्यासाला त्याच्याइतकं मोठं धन थोडं आहे. पण त्यातलं क्रियापद ‘करणें’ असं आहे, शेवटी अनुस्वार. ज्यानं आपल्याला हाक मारतात ते ‘नांव’, आणि पाण्यात चालते ती ‘नाव’. महाराष्ट्र शासनानं १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम मान्य केले. आधी चौदा होते, पुढे चार वाढून अठरा झाले. उच्चारात नसलेले अनुस्वार तेव्हा गेले. त्यामुळे जुन्या कोशावरून केलेल्या यादीत आजचा विद्यार्थी ‘करणे’ शोधतो तेव्हा अक्षराला अक्षर लावून बघणाऱ्या यंत्राला तो सापडत नाही. सापडतो तो एक अनुस्वार दूर असलेला ‘करणें’. मुलाला वाटतं आपलंच चुकलं. तुमच्या वर्गात कुणाला अनुस्वारवाली सुचवणी आली तर ‘हे आजोबांच्या वेळचं लेखन आहे’ एवढं सांगून पुढे जा.

आता मी जिथे सगळ्यांत जास्त वेळ घालवला ती गोष्ट सांगते: सामान्यरूप. इंग्रजीत शब्दाला फार तर तीन-चार शेपट्या लागतात. आपल्याकडे ‘घर’चं घरात, घराला, घरापासून, घरासमोर होतं, तेवढ्यावर न थांबता घरासमोरचा, घरासमोरच्यांना, घरासमोरच्यांनाही होतं. शब्दयोगी अव्ययं आपण जोडून लिहितो, त्यावर पुन्हा प्रत्यय, त्यावर ‘ही’ किंवा ‘च’. एका नामाची रूपं शेकड्यांत जातात. सगळी यादीत भरणं अशक्य. म्हणून हंगेरियन भाषेसाठी लास्लो नेमेथ यांनी केलेली हुन्स्पेल नावाची व्यवस्था आपण वापरतो. हंगेरियनही आपल्यासारखी प्रत्ययांवर प्रत्यय चढवणारी भाषा आहे. लिबरऑफिस आणि फायरफॉक्समध्ये तीच आहे. तिच्यात दोन फाइली असतात: एकीत मूळ शब्द, दुसरीत प्रत्ययांचे नियम. शब्दाच्या शेवटाकडून प्रत्यय सोलत ती मुळाशी जाते. पण ती मुळात दोन थर सोलण्यासाठी केलेली आहे, आणि ‘घरासमोरच्यांनाही’मध्ये समोर, च्यां, ना, ही असे चार थर आहेत. मग आम्हाला दोन-तीन प्रत्ययांचे तयार जोड एकच प्रत्यय म्हणून लिहावे लागतात. जो जोड लिहायचा राहिला, तिथे लाल रेघ येते. रेघेखालचा शब्द शुद्ध असतो आणि सुचवणी मात्र भलतीच असते.

त्याहून अवघड म्हणजे प्रत्यय लागताना शब्द आतून बदलतो. फूल, पण फुलाला. विहीर, पण विहिरीत. गरीब, पण गरिबाला. पाऊस तर थेट पावसात. नागपूर दीर्घ, नागपुरात ऱ्हस्व. मुलांना हा नियम तुम्ही शिकवताच: शेवटून दुसरं अक्षर दीर्घ असेल तर सामान्यरूपात ते ऱ्हस्व होतं. पण संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द त्याला अपवाद आहे. ‘शरीर’चं शरीराला, दीर्घच. म्हणजे ‘गरिबाला’ बरोबर आणि ‘शरिराला’ चूक हे ठरवायला यंत्राला शब्दाचं कूळ माहीत असावं लागतं, आणि अक्षरांकडे बघून कूळ कळत नाही. प्रत्येक मूळ शब्दापुढे तशी खूण माणसानंच करावी लागते. हजारो शब्द, एकेक करून. ज्या यादीत हे काम झालेलं नाही ती ‘विहिरीवरच्या’ बघून चक्रावते आणि हाताला लागेल ते देते.

पवईच्या आयआयटीत मराठीचा एक फार चांगला अर्थजालाचा प्रकल्प झाला. त्यात शब्दांचे अर्थ आणि त्यांची आपापसातली नाती मांडलेली आहेत. मात्र तिथेही नोंदी मूळ रूपात आहेत. कोशाचं काम अर्थाचं आणि तपासनिसाचं काम रूपाचं. एकाकडून दुसऱ्याची अपेक्षा ठेवली की निराशा होते. तुमच्या मुलांना म्हणूनच सांगा की कोशात शोधताना शब्दाचे प्रत्यय उतरवून मूळ रूप टाका. ‘विहिरीवरच्या’ टाकू नका, ‘विहीर’ टाका. ‘गेलो’ टाकू नका, ‘जाणे’ टाका. बऱ्याच हास्यास्पद सुचवण्या इथेच थांबतील, आणि शब्दाचं मूळ ओळखायचा सरावही होईल.

सुचवण्यांचा आणखी एक प्रकार शब्द तोडण्याचा आहे. एकही जवळचा शब्द मिळाला नाही तर यंत्र मधे जागा सोडून बघतं. घाटकोपरचं ‘घाट कोपर’, चिंचपोकळीचं ‘चिंच पोकळी’. दोन्ही तुकडे यादीत असतात, म्हणून यंत्र खूश. यात फार काही दडलेलं नाही.

डोळ्यांना दिसतच नाही अशा चुकांबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. मुलं ‘दुःख’ लिहिताना विसर्गाऐवजी विरामचिन्हातला अपूर्णविराम मारतात, कारण कीबोर्डवर तो पटकन सापडतो. कागदावर दोन्हींत दोन टिंबंच दिसतात. यंत्राच्या दृष्टीनं तिथे शब्द संपला. त्याला ‘दु’ आणि ‘ख’ असे दोन अर्धवट तुकडे मिळतात आणि तो दोघांना वेगवेगळं काहीतरी सुचवतो. ‘अंतःकरण’, ‘मनःस्थिती’, ‘निःशब्द’ यांची हीच गत.

‘ॲ’चीही तीच तऱ्हा. ‘ॲप’ लिहायचे संगणकावर तीन मार्ग आहेत. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, या अक्षराला स्वतःची जागा मिळाली ती २००८ साली. त्याआधी लोक साध्या ‘अ’वर अर्धचंद्र ठेवायचे, किंवा हिंदीच्या सोयीचं ‘ए’वर अर्धचंद्र असलेलं अक्षर वापरायचे. जुना मजकूर अजून तसाच पडून आहे. पहिल्या दोन मार्गांनी लिहिलेला शब्द पडद्यावर हुबेहूब सारखा दिसतो, पण यंत्राला ते वेगळे शब्द वाटतात. अर्ध्या ‘र’चंही असंच आहे. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या, आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र. मराठीला हा फरक अत्यंत महत्त्वाचा. पण ‘दऱ्या’मधला तो अर्धा र टाइप करायचे दोन रस्ते आहेत, आणि एका रस्त्यात मधे एक अदृश्य जोडचिन्ह लागतं. ते कॉपी-पेस्टमध्ये गळलं की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, आणि आचाऱ्यांनी केलेला स्वयंपाक आचार्यांच्या नावावर जातो. इथे लाल रेघही येत नाही, कारण दोन्ही शब्द शुद्ध आहेत.

छापखान्यांकडून येणाऱ्या जुन्या मजकुरात याहून गमतीचे प्रकार सापडतात. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करत, कारण डोळ्यांना ती आधी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात. रूपांतर नीट झालं नाही की वेलांटी मागच्या अक्षराला जाऊन चिकटते आणि पानभर अनाकलनीय शब्द तयार होतात. त्या पानावर तपासनीस चालवला की सुचवण्यांचा नुसता पाऊस पडतो. अशा वेळी एकही सुचवणी स्वीकारायची नाही, मजकूर परत रूपांतराला पाठवायचा, असं मी प्रत्येक नव्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगते.

इंग्रजी तपासनीस आपल्या नावांचं काय करतो हे फोर्टमधल्या कुठल्याही ऑफिसात विचारा. रोमन लिपीत ‘कदम’ लिहिलं की पहिलं अक्षर बदलून ‘मॅडम’ येतं. ‘सावंत’चं एक अक्षर बदललं की ‘सॅव्हंट’, म्हणजे विद्वान. ‘अनिल’मध्ये एक अक्षर घातलं की ‘ॲन्व्हिल’, म्हणजे ऐरण. ‘परेल’चं पार्सल, ‘वरळी’चं वर्ल्ड, ‘पनवेल’चं पॅनल, ‘दादर’चं रडार, ‘मालाड’चं सॅलड. यावर उपाय सोपा आहे. नाव एकदा स्वतःच्या यादीत घाला, कटकट संपली.

एक गोष्ट व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं, ती म्हणजे उच्चाराचा विचार. इंग्रजीत आडनावं उच्चारावरून शोधण्याची साउंडेक्स नावाची पद्धत अमेरिकेत १९१८ सालीच पेटंट झाली. जवळच्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच आकडा द्यायचा, अशी तिची रचना. त्यांना हे गट बसवावे लागले. आपली वर्णमाला मुळातच उच्चाराच्या जागेप्रमाणे लावलेली आहे: कंठ, तालू, मूर्धा, दात, ओठ. मराठी माणूस टाइप करताना चुकतो तो कुठे? ऱ्हस्व-दीर्घात, न-ण मध्ये, श-ष मध्ये, ल-ळ मध्ये, जोडाक्षरातलं एक अक्षर गाळण्यात. तज्ज्ञ, उज्ज्वल, महत्त्व, निर्भर्त्सना, आशीर्वाद. ‘क’च्या जागी ‘च’ तो सहसा लिहीत नाही. म्हणून वेलांटीच्या बदलाला अर्धा गुण, न-ण ला अर्धा गुण आणि क-च ला पूर्ण गुण, अशी वजनं लावली तर ‘काकू’ला ‘चाकू’ येण्याआधी यंत्र दहा वेळा थांबेल. ज्या मराठी साधनांत अशी वजनं आहेत त्यांच्या सुचवण्या लगेच वेगळ्या जाणवतात. जी साधनं इंग्रजीचा सांगाडा जसाच्या तसा उचलून त्यात मराठी यादी भरतात, ती विरारला विचार देत राहणार.

रोमनमधून मराठी टाइप करण्याच्या सोयीनंही हे बिघडवलंय. त्यात एकाच स्पेलिंगमधून काल, काळ, कळ आणि कल असे चारही शब्द निघतात, आणि कुठला द्यायचा ते यंत्र ठरवतं. मुलांना सहावीपासून इनस्क्रिप्टसारखा अक्षराला अक्षर असलेला मराठी कीबोर्ड शिकवता आला तर फार चांगलं. सुरुवातीला त्रास होतो, पण ‘ण’ हवा असेल तर ‘ण’च दाबावा लागतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. वापरू द्यावं का? सुचवणीची यादी दिसू द्या, आपोआप बदलणं बंद ठेवा. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्या सुचवणीला हसू येतं तिच्यामुळे नुकसान होत नाही, कारण ती कुणी स्वीकारत नाही. नुकसान करतात त्या शहाण्यासारख्या दिसणाऱ्या सुचवण्या. दिन आणि दीन, सुर आणि सूर, सुत आणि सूत, शिर आणि शीर, पाणि आणि पाणी: सगळे शुद्ध शब्द, आणि एकाच्या जागी दुसरा बसला तर रेघ येत नाही. ‘आवाहन’ आणि ‘आव्हान’ यांची अदलाबदल तर रोजच्या मजकुरात दिसते. मदतीचं आव्हान केलं असं छापून येतं आणि वाचणाराही पुढे जातो.

एका गणेशोत्सव मंडळाच्या स्मरणिकेचं काम मी शेवटच्या टप्प्यावर बघितलं होतं. कुणीतरी तपासनीस चालवून ‘सगळीकडे बदला’ हे बटण दाबलेलं. देणगीदारांच्या यादीतल्या सगळ्या वहिनी वाहिनी झाल्या होत्या, आणि चाळीच्या संस्थापकांच्या आठवणींच्या लेखात धाकटी वाहिनी सगळ्यांना चहा करून देत होती. मजकूर छपाईला गेला नव्हता म्हणून निभावलं. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या त्या मंडळाचं केलं, त्यांची नाती एका बटणानं पुसली गेली असती. ‘सगळीकडे बदला’ हे बटण मराठी मजकुरावर कधीही दाबू नये, असं माझं ठाम मत आहे.

मुलांसाठी कागदी कोश शेजारी असूच द्या. कागदी कोशात ‘नणंद’ शोधताना आजूबाजूला वर्णक्रमानं लागलेले शब्द दिसतात, त्यांत बरेचदा एकाच मुळाचे शब्द सापडतात, आणि अकारविल्हे शोधायची सवय लागते. फोनवरचा कोश वेगवान आहे, अर्थ पटकन देतो, तो नाकारायचं काही कारण नाही. दोन्ही हाताशी असलेलं बरं.

आणि एक तास या हसण्यासाठीच राखून ठेवा. फळ्यावर ‘नणंद’ आणि ‘आनंद’ एकाखाली एक लिहा, चिन्हं सुटी करा, किती बदलली ते मुलांना मोजू द्या. मग प्रत्येकाला आपापल्या स्टेशनचा एका फेरफारावरचा शेजारी शोधायला सांगा. हे करताना मुलं काना, वेलांटी, रफार, पाय मोडणं याकडे इतक्या बारकाईनं बघतात, की त्याच आठवड्यात त्यांचं ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेलं दिसतं.

त्यानंतर घरी पाठवा. आजीला, काकूला विचारून नात्यांचे शब्द आणायचे आणि ऑनलाइन कोशात एकेक टाकून बघायचा. न सापडलेले शब्द वहीत वेगळे लिहायचे. बऱ्याच कोशांत नवा शब्द किंवा अभिप्राय कळवायची सोय असते, तिथे ते पाठवा. पाठवताना नुसता शब्द पाठवू नका. यादी करणाऱ्याला लिंग, अनेकवचन आणि सामान्यरूप लागतं, नाहीतर ‘नणंद’ सापडेल आणि ‘नणंदेला’ खाली पुन्हा लाल रेघ येईल. त्यामुळे असं लिहा: नणंद, स्त्रीलिंगी, अनेकवचन नणंदा, सामान्यरूप नणंदे-. विहीण, स्त्रीलिंगी, अनेकवचन विहिणी, सामान्यरूप विहिणी-, ‘ही’ची वेलांटी ऱ्हस्व होते. सोबत प्रत्येक शब्दाचं एक साधं वाक्य जोडा, आणि शब्द कुणाच्या घरून, कुठल्या गावच्या बोलीतून आला तेही लिहा. ज्या मुलीनं प्रश्न विचारला तिच्याकडेच ही वही द्या.